थोरल्याची भूमिका

नागपूरच्या बर्डीवर दर हिवाळ्यात आमच्या तिबेटी लोकांची स्वेटरांची दुकानं लागतात आणि दर हिवाळ्यात मी पलीकडच्या फुटपाथवरून जातो. यात लाज वगैरे काही नाही, निदान मी स्वतःला तसं सांगतो. मला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून तिथल्या बायकांनी मला पाहिलेलं आहे. त्या हाक मारणार, स्टुलावर बसवणार, थर्मासातला खारट चहा पाजणार, आणि मग तालमीला पोचल्यावर 'पुन्हा घ्या, एन्ट्रीपासून' हे शब्द माझ्या तोंडून धड निघणार नाहीत. दिग्दर्शकाला थोडा तोरा लागतो आणि त्या स्टुलावर तो टिकत नाही. पण शहाऐंशीच्या डिसेंबरात पलीकडचा फुटपाथ कशासाठी तरी खणून ठेवला होता, म्हणून मी अलीकडून निघालो, मान खाली घालून, झपाझप. कोणी हाक मारली नाही. फक्त मागून माझ्या पाठीला काहीतरी लोकरीचं टेकलं आणि दोन हातांनी ते या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत ताणून धरलं. वळून पाहिलं तर यांगझोम मावशी. ती आईच्या गावची. सख्खी नव्हे, पण आमच्या निर्वासितांच्या छावणीत सख्खं-चुलत कोणी मोजत नाही. मी म्हटलं, मला नको, आहे माझ्याकडे स्वेटर. ती स्वेटर तसंच धरून वीत घालत म्हणाली, "तुझ्यासाठी नाही. थोरल्याचं माप घेतेय."

माझा थोरला भाऊ मिंगमार याला मी कधी पाहिलेलं नाही. एकोणसाठ साली आई-वडील तिबेटातून निघाले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. बर्फातून चालवत नेण्याइतका मोठा नाही, पाठीला बांधण्याइतका लहान नाही, म्हणून त्याला आजीपाशी ठेवलं. दोन महिन्यांत परत येतो म्हणून सांगितलं. मी तेव्हा पोटात होतो. आमच्यात पुष्कळदा जन्मवारावरूनच नाव ठेवतात. तो मंगळवारचा म्हणून मिंगमार, मी गुरुवारचा म्हणून फुर्बू. छावणीत चार फुर्बू आहेत आणि चौघंही एका हाकेला ओ देतात. पुढची हकिगत आमच्या कुठल्याही घरात ऐकायला मिळेल: हिमाचलातलं रस्त्याचं काम, तंबू, खडी फोडणं, वडील तिथेच गेले, आणि बहात्तर साली भंडारा जिल्ह्यात गोठणगावजवळ आम्हाला जमिनी मिळाल्या. बर्फातली माणसं धानाच्या चिखलात उतरली. पहिल्या उन्हाळ्यात म्हातारी माणसं दिवसभर ओली चादर पांघरून बसायची, आणि तरी त्यांतली बरीच गेली. पण आमचं घर कायम तिघांचं राहिलं. आई तीन वाट्या मांडायची. तिसरी रोज पुसायची, उजेडात धरून बघायची आणि पालथी न घालता सुलटी ठेवायची, म्हणजे आलेल्याला घाई असली तरी चालेल. लहानपणी मी त्या वाटीकडे पाठ करून कधी जेवलो नाही. जेवताना माझ्यावर कोणाची तरी नजर आहे आणि ते कोणीतरी माझ्याहून शहाणं, गुणी आणि भुकेलं आहे, असं मला वाटायचं. राग यायचा त्याचा. न आलेल्या माणसाइतकं चांगलं कोणालाच वागता येत नाही.

स्टुलावर बसवून मावशीनं सांगितलं ते असं. काठमांडूहून एका व्यापाऱ्यामार्फत चिठ्ठी आली होती. मिंगमार एकोणसत्तरच्या हिवाळ्यात तापानं गेला, सोळा वर्षांचा असताना. म्हणजे सतरा वर्षं आम्ही एका मेलेल्या माणसाची वाट पाहत होतो, तीही अगदी नेमानं. आईला हे कळवलेलं नव्हतं. ती दिवाळीपासून अंथरुणात होती, मोतीबिंदूनं डोळे जवळजवळ गेलेले, आणि आठ दिवसांपासून तिनं अन्न सोडलं होतं, नुसत्या चहा-पाण्यावर होती. अलीकडे तिकडून माणसं येऊ लागली होती, कोणाची बहीण, कोणाचा पुतण्या. आईचं म्हणणं, माझाही येईल, तो आला की त्याच्याबरोबर बसून खाईन. लामांनी नकारार्थी मान हलवली होती. वाट पाहता पाहता जो जातो तो पुढे जात नाही, दारातच अडकून राहतो, असं ते म्हणाले होते. मी नागपुरात अंधश्रद्धेवर नाटक बसवलेला माणूस आहे. पण बायकोची वाट बघत गेलेला एक म्हातारा आमच्या छावणीच्या थांब्यावर ज्या बाकावर बसायचा, त्या बाकावर मी आजही बसत नाही. मावशीला हे ठाऊक होतं. ती चहा ओतत म्हणाली की तू एवढ्या लोकांची सोंगं केलीस, आता हे एक कर.

आणि मला आनंद झाला. हे लिहायला नको वाटतं, पण झाला. चांगली भूमिका मिळाल्यावर होतो, तोच जुना आनंद. भावाच्या मरणाची बातमी ऐकून मी पहिला विचार केला तो त्याच्या चालण्याचा.

दोन दिवसांनी तालमी बंद ठेवून मी एस.टी. पकडली. आई आजारी आहे असं मंडळींना सांगितलं. ते खरंच होतं, तरी सांगताना खोटं बोलल्यासारखं वाटलं. खिडकीतून कापून झालेल्या धानाच्या बांध्या मागे जात होत्या, पेंढ्या रचलेले पुंजणे उन्हात वाळत होते, आणि मी दौऱ्यावर निघाल्यासारखा सगळी जुनी कामं आठवत बसलो होतो. चौदाव्या वर्षी मी भय्याजींच्या नाटक मंडळात गुरखा झालो. भय्याजी लाखनीकडचे. स्वतःच नाटक लिहायचे, स्वतःच बसवायचे आणि दिवाळीनंतर गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरली की खेळ लावायचे. माझा चेहरा पाहिल्यावर त्यांनी प्रत्येक नाटकात एक गुरखा घातला, अगदी ऐतिहासिकातसुद्धा. मी शिट्टी वाजवून 'शाबजी' म्हणायचो आणि पब्लिक खुश व्हायची. पाच वर्षं हेच. मग एका खेळाला नायक आजारी पडला, आणि सगळं नाटक पाठ असलेला मंडळात मी एकटा. भय्याजींनी माझ्या तोंडाला रंग लावता लावता सांगितलं, "लोकं तुयं थोबाड पाहून इचारतीन का हा कोन गावचा. तू असा बोल का त्याहिले इचाराचं ध्यानच नाई राहिलं पायजे." त्या एका वाक्यावर मी पुढचं सगळं उभं केलं. झाडीपट्टीच्या रंगभूमीवरचा नायक, मग नागपूर, मग दिग्दर्शन, स्पर्धेतलं पहिलं बक्षीस. पोस्टरवर मी 'प्र. गोठणगावकर' झालो, 'प्र.' नुसताच भारदस्त वाटतो म्हणून. दर वर्षी भंडाऱ्याच्या कचेरीत विदेशी म्हणून नोंद ताजी करायला जायचो आणि एका वर्षी त्याच कचेरीच्या भिंतीवर माझं पोस्टर लागलेलं होतं. नोंद करणाऱ्या कारकुनानं ते नाटक पाहिलं होतं. गोठणगावकर कसे दिसतात हो, असं त्यानं मलाच विचारलं, आणि मी म्हटलं, साधारण आहेत. आई माझ्या एकाच खेळाला आली. तिला मराठी फारसं कळत नसे. परत येताना म्हणाली की तू रडलास तेव्हा मला काही वाटलं नाही, पण मधे एकदा पाणी प्यायलास, ते खरं होतं.

लाखनीला गाडी थांबली. ट्रकांच्या रांगेमागच्या टपरीवर चहा घेऊन मी परत जागेवर बसलो तर कंडक्टर समोर उभा. "तुमच्या दोन सीटा ना जी?" मी म्हटलं, एक. शेजारी माझी पिशवी होती, तिच्यावर हात ठेवून दाखवला. तो पिशवीकडे पाहत राहिला. "थे बाजूले बसून होते ना, कोटवाले. उतरले काय?" कोणी नव्हतं, मी सांगितलं. "असन," तो म्हणाला आणि पुढे गेला. दुसऱ्या कोणाला तरी पाहिलं असेल, दिवसभर माणसं मोजून डोकं फिरतं, वगैरे सगळं मला सुचलं. तरी साकोली येईपर्यंत मी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि ती जागा रिकामी सोडली.

छावणीत राहणं शक्य नव्हतं, माझा आवाज आईनं ओळखला असता. म्हणून गोठणगावात तेजरामकडे उतरलो. तो अर्जुनीच्या शाळेतला माझा सोबती, धानाची शेती करतो, बायको धुरपता. दुपारी शेतांच्या बांधांवरून, धुऱ्या-धुऱ्यानं चालत मी छावणीच्या गालिच्यांच्या कारखान्यात जायचो. तिथे मागांवर आईच्या गावच्या पाच म्हाताऱ्या बसायच्या. त्यांतली यांगझोम मावशी स्वेटरांचं दुकान सुनेवर टाकून आली होती. या पाचजणी माझ्या दिग्दर्शक. माझ्या तालमीत नट रडलेले आहेत, मी कडक म्हणून प्रसिद्ध आहे. पण इतकी निर्दय माणसं मी पाहिली नव्हती. हात मागावर, नजर धाग्यांवर, आणि तरी माझी एक चूक सुटायची नाही. माझी भाषा हिंदी-मराठीनं भरलेली, ती त्यांनी आधी धुऊन काढली. आमच्या गावचा पुरुष असं म्हणत नाही, तो शब्द घशातून आण. आईसमोर टोपी अशी काढ. चहाची वाटी दोन्ही हातांनी घे, पण पहिल्यांदा देऊ केली की घेऊ नकोस. मिंगमार लहानपणी छपरावरून पडला होता, त्याचा डावा पाय किंचित ओढायचा. तेवढाच ओढ, लंगडा करू नकोस. तेहेतिसाव्या वर्षी तो कसा झाला असता यावरून त्यांची भांडणं व्हायची. एक म्हणायची अबोल, दुसरी म्हणायची छे, हसरा. सोळाव्या वर्षी मेलेल्या पोराला त्या पाचजणी माझ्या अंगावर बोट-बोट वाढवत होत्या.

चौथ्या दिवशी मी दारातून आत आलो, टोपी काढली, ठरलेलं वाक्य बोललो आणि पाचही माग थांबले. सगळ्यांत म्हातारी उठली, जवळ आली, माझ्या कपाळाला कपाळ टेकवून म्हणाली, "उशीर केलास." ते ती मला म्हणाली नव्हती, हे मला कळलं. त्यानंतर त्या मला नावानं हाक मारीनाशा झाल्या. जाताना मी यांगझोम मावशीला थट्टेत म्हटलं, एकदा तरी फुर्बू म्हण, नाहीतर मी विसरेन. ती थट्टा करत नव्हती. ती म्हणाली, "आता नको. तो बिचकेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपतानं चहा आणून ठेवला आणि तिथेच घुटमळली. मग विचारलं, "भाऊजी, काल आंगनात हिंडून राहिला होता थो कोन जी?" मी म्हटलं, मीच की, दुसरं कोण. "नाई. तुमाले मी वळखत नाई काय? थो पाय ओढून चालत होता. मी पानी देऊ का म्हनलं तं निसता हासला." तेजराम हसून म्हणाला, अवं थे नाटकाचं करून राहिले. पण त्या दिवसापासून माझ्या ताटाला वाढताना ती जरा लांबून वाढू लागली. अंगणात चाल पक्की करत होतो हे खरं. पण तिनं मला पाणी विचारल्याचं मला आठवत नव्हतं. नटाला याहून मोठं बक्षीस नसतं, असं मी स्वतःला समजावलं. माझं मला ते पटलं नाही. मला भीती वाटली, आणि ती साधी, पोरसवदा भीती होती: हे संपलं की तो जाईल ना?

शेवटी यांगझोम मावशीनं निरोप पाठवला की आता थांबता येणार नाही, आई पाणीही नको म्हणते. लांबून आल्यासारखं व्हावं म्हणून मी आधी अर्जुनीला गेलो आणि सकाळी दहाच्या गाडीनं तिथून आलो. अंगात उसना आणलेला जाड कोट, पायात जुने बूट, खांद्यावर गाठोडं. छावणीत सगळ्यांना ठाऊक होतं. माणसं दारात उभी होती आणि कोणीही माझ्याकडे पाहत नव्हतं. पाच म्हाताऱ्या पुढे, मी मागे. पाय आपोआप ओढत होता. घराचा उंबरठा मी जन्मात पहिल्यांदा ओलांडतोय असा ओलांडला. खांबाला हात लावून, अंदाज घेत. खोटं नव्हतं ते. मला खरोखरच आत काय कुठे आहे ते आठवत नव्हतं.

आई भिंतीकडच्या खाटेवर होती. खूपच लहान झाली होती. मी टोपी काढली, वाक्य बोललो. ती रडली नाही. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कपाळ, भुवया, कान, मग हात खाली घेतले आणि विचारलं, आजी सुखानं गेली का. मिंगमारनं सांगितलं की झोपेत गेली, उन्हाळ्यात, याक माळावर गेलेले होते. हे कोणी शिकवलेलं नव्हतं. तिनं वाटी मागितली. मावशीनं सातूची पातळ पेज केली होती, ती आम्ही दोघं प्यायलो. आई हळूहळू प्यायली, पण सगळी प्यायली. दारातल्या बायका तोंडावर हात धरून उभ्या होत्या. त्यांना बाहेर जायला सांगून आईनं मला जवळ ओढलं. मला वाटलं आता ती विचारेल, तुला सोडून गेले म्हणून रागावला होतास का. त्याचं उत्तर आम्ही बसवलेलं होतं.

"तू थोरला आहेस म्हणून सांगते," ती म्हणाली. "हे मी कोणाला सांगितलेलं नाही. तुझा धाकटा, फुर्बू, तो माझ्या पोटचा नाही. पोटातला होता तो तंबूतल्या पहिल्याच थंडीत गेला. जन्मून चारच महिने झाले होते. शेजारच्या तंबूत खाम प्रांताकडची एक बाई होती, एकटीच. तिच्यावर दरड आली. तिचं पोर मी दुधाला लावलं. तेही गुरुवारचंच, नावसुद्धा बदलावं लागलं नाही. रस्त्यावरच्या मुकादमाच्या कागदात एक बाई आणि एक पोर कमी झालं, एवढंच."

मी काय केलं ते मला स्पष्ट आठवतं, कारण मी ते बाहेरून पाहत होतो. मिंगमारला धक्का बसायला हवा तेवढाच बसला. तो जरा मागे सरकला, मग पुन्हा पुढे झाला. भावाबद्दल ऐकावं तसं त्यानं ऐकलं. मला ओरडायचं होतं, तिचे खांदे धरायचे होते, त्या बाईचं नाव विचारायचं होतं. पण ती जागा दुसऱ्यानं घेतलेली होती आणि तो बाजूला व्हायला तयार नव्हता. घशातून, गावच्या बोलीत, एकही चूक न करता त्यानं विचारलं, "त्याला माहीत आहे?"

"नाही. आणि तू सांगू नकोस. त्याला कळलं तर तो आपली माणसं शोधत फिरेल. त्याची माणसं कुठेच नाहीत. मी होते तेवढीच. आता तू. शपथ घे."

मिंगमारनं शपथ घेतली. माझ्या तोंडानं, माझा हात तिच्या डोक्यावर ठेवून. मग ती उशीवर टेकली, समाधानानं, काम उरकल्यासारखी, आणि म्हणाली, "आता त्याला पाठव. आला असेल."

बाहेर पाचजणींनी एकच विचारलं, खाल्लं का. खाल्लं, मी म्हटलं. त्या एकमेकींना धरून रडल्या, हसल्या. मी घरामागे गेलो, कोट काढला, हापशीखाली डोकं धरलं. पाणी गार होतं. ती मिंगमारला सांगत होती की मिंगमारच्या आडून मलाच, हे मला कळलेलं नाही. आंधळी झाली तरी सत्तावीस वर्षं माझा चेहरा धुतलेले हात होते ते. पण तेव्हा माझ्यापुढे त्याहून साधा प्रश्न होता. आता फुर्बूनं आत जायचं होतं. तो कसा आत जातो? हात कुठे असतात त्याचे? आईला हाक दारातून मारतो की जवळ जाऊन? हे काम मी जन्मभर न शिकता केलं होतं आणि आता मला त्याचं एक पाऊलही आठवेना. शेजारी बघायची हिंमत होत नव्हती. चार महिन्यांचं एक पोर तिथे कुठेतरी होतं, ज्याचं नाव मी वापरत होतो, ज्याचं दूध मी प्यायलो होतो. त्याला आधी आत जायचं असेल, तर मी त्याला काय म्हणून अडवू? मी थांबलो. बराच वेळ थांबलो. कोणी पुढे गेलं नाही.

मग आतून आईची हाक आली, फुर्बू म्हणून. छावणीत चार फुर्बू होते, पण त्या वेळी अंगणात मी एकटाच होतो. मी आत गेलो. डोक्याचं पाणी कॉलरीत उतरत होतं. ती दाराकडे तोंड करून पडली होती. तिनं हात पुढे केला, माझा हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

"गार पडलाय. किती वेळचा बाहेर उभा आहेस?"

"आत्ताच आलो, आमा," मी म्हणालो.

ती भिंतीकडे थोडी सरकली आणि मला बसायला जागा करून दिली.